भुयारातले पत्ते

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. दर रविवारी चार माणसं एका टेबलाभोवती बसतात, एखादा काहीतरी मूर्खपणा करतो, बाकीचे तीन हसतात आणि पुढच्या रविवारी तोच मूर्खपणा मीठमसाला लावून पुन्हा सांगितला जातो. अशी तीन वर्षं गेली की ढीग होतो. पंचाईत एवढीच, की असा किस्सा सांगताना तिथे हजर असलेला निदान एक माणूस समोर लागतो, मध्येच ‘असं नव्हतं झालं’ म्हणणारा. माझ्याकडे सध्या ढीग आहे, माणूस नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय.

मी मूळची जळगावची. नोकरी चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये, राहायला शेजारी मनीमाजऱ्यात, एकटी. ऑफिसात दिवसभर हिंदी, इंग्रजी, थोडी पंजाबी. आईचा फोन सोडला तर मराठी कानावर पडायची ती रविवारी दुपारी, साठे वहिनींच्या घरी. साठे हवाई दलात विंग कमांडर, वहिनी नागपूरच्या. त्यांची मुलगी ईरा, अकरा वर्षांची. तिला मराठी सगळी कळायची, पण उत्तर यायचं हिंदीत. चौथा निखिल, इचलकरंजीचा, मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये. खेळ त्याचा.

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं ‘भुयार’ म्हणायचो. पुठ्ठ्याचा मोठा नकाशा, खाली खाली जाणारे बोगदे, तळाशी खजिना. सुरुवातीला प्रत्येकाला आपापल्या रंगाचे, पण सारखेच दहा पत्ते, सात ‘पाऊल’ आणि तीन ‘ठेच’. वाटेत चांगले पत्ते मिळवायचे, आपल्या गड्डीत घालायचे, पिसायचे, पाच-पाच काढून खेळायचे. सगळ्यांत मिळून मशाल एकच, ती हळूहळू विझत जाते. विझायच्या आत खजिना घेऊन बाहेर पडायचं. जो आत राहिला त्याचं सगळं गेलं.

हवाई दलात एका गावात तीनेक वर्षं काढली की बदली येते, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. रविवार गेला तर या गावात माझं काय उरेल, तेही कळलं होतं. त्यामुळे मी मशालीकडे जरा जास्तच बघायची.

* * *

साठ्यांचं घर हवाई दलाच्या वसाहतीत. फाटकावर ओळखपत्र, सामानाची तपासणी, सगळं रीतसर. मी आणि निखिल पहिल्यांदा गेलो तेव्हा जवानाने निखिलच्या हातातला खोका उघडायला लावला आणि आत काय आहे विचारलं.

निखिलची हिंदी इचलकरंजीची. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “जी, सुरंग का नक्शा है.”

पुढचा पाऊण तास आम्ही बाकावर बसून होतो. जवानाने नकाशा उलगडला. त्यावर गुप्त दरवाजे होते, बाहेर पडायच्या वाटा होत्या. त्याने साठ्यांना फोन लावून सांगितलं की एक साहब और एक मॅडम आए हैं, आपका नाम ले रहे हैं, सुरंग का नक्शा साथ है. साठ्यांनी शांतपणे हुकूम दिला, नकाशा ठेवून घे, माणसं आत पाठव.

त्या दिवशी वहिनींच्या जुन्या कॅलेंडरच्या मागे निखिलने आठवून आठवून बोगदे काढले आणि आम्ही त्यावर खेळलो. संध्याकाळी परत निघालो तेव्हा जवानाने नकाशा नीट घडी करून दिला आणि हळूच म्हणाला, “साहब, नीचे जाना हो तो दाएँ से जाओ. छोटा पड़ता है.”

पुढच्या रविवारी करून पाहिलं. त्याचं बरोबर होतं.

* * *

या खेळात जिंकायची युक्ती साधी असते. चांगले पत्ते मिळत गेले की सुरुवातीचे दहा कुचकामी पत्ते एकेक करून रद्दीत टाकायचे. गड्डी बारीक ठेवायची, म्हणजे हातात नेमकं येतं. निखिल हे आम्हाला दर रविवारी समजावायचा.

साठे वहिनी एकही टाकायच्या नाहीत. वाटेत मिळालेली जादूची तलवार टाकतील, पण ते दहा नाही. त्यांना त्या म्हणायच्या ‘माहेरचे पत्ते’.

“वैनी, ती ठेच तरी टाका की ओ,” निखिल कळवळून म्हणायचा. “दर डावाला पाय अडकतोय तुमचा.”

“असू दे. माहेरची आहे.”

एकदा तो फारच मागे लागला. गड्डी बारीक करण्याचं गणितच त्याने कागदावर मांडून दाखवलं. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा ओतला आणि म्हणाल्या, “चौदा वर्षांत माझे खरे पत्ते सहा वेळा बदलले रे. हे तरी राहू देत.”

निखिलने कागदाची घडी करून खिशात घातली. तो डावही वहिनी हरल्या. मला मात्र तेव्हापासून माझी एखादी ठेच रद्दीत टाकताना चोरी केल्यासारखं वाटायला लागलं आणि मीही हरायला लागले.

* * *

टेबलावर मराठीच बोलायची, हा नियम वहिनींचा. दुसऱ्या भाषेतला शब्द आला की मशाल एक घर खाली. नियम अर्थातच ईरासाठी होता, पण पहिल्याच दिवशी निखिल ‘सॉरी यार’ म्हणाला आणि ते सॉरी मराठी धरायचं की नाही यावर वाद झाला. सॉरी मराठी ठरलं, यार हिंदी ठरलं.

ईराने यावर जो तोडगा काढला तो आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नसता. तिने बोलणंच बंद केलं. पत्ता हवा असेल तर बोट दाखवायची, नको असेल तर मान हलवायची. सलग तीन रविवार ती मुक्याने खेळली आणि तिन्ही जिंकली. आम्ही गप्पांत मशाल विझवत होतो, ती खजिना घेऊन बाहेर.

चौथ्या रविवारी वहिनी वैतागल्या, म्हणाल्या एक तरी वाक्य बोल. ईराने पाच मिनिटं विचार केला. प्रत्येक शब्द वेगळा उचलून टेबलावर ठेवावा तसं म्हणाली, “मी. जिंकली. आहे.”

व्याकरणाची चूक काढायची हिंमत कोणाचीच झाली नाही.

* * *

स्वतः साठे फार क्वचित खेळायचे. रविवारीसुद्धा ड्यूटी असायची. एकदा सापडले. नियमांचं पुस्तक त्यांनी सरकारी हुकूम वाचावा तसं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि दोन पावलं भुयारात जाऊन, वाटेत पडलेलं छोटंसं नाणं उचलून, सरळ बाहेर आले.

निखिलने विचारलं, हे काय सर? साठे म्हणाले, सुखरूप परत येणं हे पहिलं काम.

पण त्या पुस्तकात एक बारीक नियम होता, जो आम्ही वर्षभर वाचलाच नव्हता. जो आधी बाहेर पडतो, त्याने दर फेरीला आपल्या गड्डीतला एक पत्ता आत अडकलेल्या कोणाला तरी द्यायचा. साठे संपूर्ण डाव हाताची घडी घालून बसले आणि दर फेरीला कोणाला ना कोणाला एक पत्ता देत राहिले.

त्या दिवशी मी तळापर्यंत गेले होते. मशालीचं शेवटचं घर उरलं होतं, दार एक पाऊल लांब होतं आणि माझ्या हातात पाचही पत्ते निरुपयोगी. साठ्यांनी आपली गड्डी चाळली आणि एक ‘पाऊल’ माझ्यापुढे सरकवलं. मी बाहेर आले. पुठ्ठ्याच्या भुयारातून बाहेर आल्यावर डोळ्यांत पाणी येण्यासारखं काही नसतं, पण आलं.

वहिनी पत्ते गोळा करत म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून हे असेच. बाहेर राहून एकेक पत्ता पाठवतात.”

साठे कान लाल करून नियमांचं पुस्तक पुन्हा वाचायला लागले.

* * *

निखिल मागच्या हिवाळ्यात गेला. पुण्यात नोकरी, पाठोपाठ लग्न. सेक्टर सतराच्या चौकात आम्ही सगळ्यांनी त्याला निरोप दिला, कुल्फी खाल्ली. भर थंडीत कुल्फी ही ईराची निवड. जाताना त्याने खोका माझ्या हातात दिला. म्हणाला, ताई, राहू दे इथंच, कोणतरी येईल की नवीन.

कोणी आलं नाही. तिघींवर आम्ही भुयार चालवत होतो.

जानेवारीत वहिनी सुट्टीवर नागपूरला गेल्या. बाहेर असं धुकं की समोरची गॅलरी दिसत नव्हती. या खेळात एकट्याने खेळायचेही नियम असतात. मी दुपारी जमिनीवर नकाशा मांडला आणि खेळायला बसले. थोड्या वेळाने लक्षात आलं, की मी मोठ्याने बोलतेय. ‘वैनी, टाका की ती ठेच’ हे मीच म्हणत होते आणि ‘असू दे’ हेही मीच. मग एकदा चुकून ‘ओ शिट’ म्हटलं आणि नियमाप्रमाणे मशाल एक घर खाली केली. एकटीच असताना.

त्या दिवशी मी खजिना घेऊन बाहेर पडले. कोणाला सांगावं ते कळेना. आईला फोन केला, तर ती म्हणाली, “बरं झालं बाई, पण जेवलीस का?”

* * *

मार्चमध्ये साठ्यांची बदली आली. आसाम.

शेवटचा रविवार आम्ही बांधलेल्या खोक्यांवर नकाशा ठेवून खेळलो. वहिनी दहाही माहेरचे पत्ते घेऊन हरल्या. मी गप्पा मारत होते, पण मला काही सुचत नव्हतं. या बाईला ‘जाऊ नका’ म्हणण्याचा मला काहीही हक्क नव्हता आणि मला तेवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी ईराला म्हणाले, “निघण्याआधी मला तुमचा नवा पत्ता देऊन जा हं. नक्की.”

तिने मान डोलावली.

निघायच्या दिवशी तिने माझ्या हातात पाकीट दिलं, चिकटवलेलं. मी घरी येऊन उघडलं. आत खेळातला पत्ता होता, कडा झिजलेला. ‘पाऊल’. खोका उघडून मोजलं, तर वहिनींच्या दहातला एक कमी होता.

मला हसू आलं. हिंदीत घराचा तो पता आणि खेळातला तो पत्ता, मराठीत दोन्ही पत्ताच. पोरीने मराठी ऐकली आणि अर्थ हिंदीत लावला. तीन वर्षं मराठीचा नियम पाळून शेवटी हे. निखिलला हा किस्सा आवडला असता, पण त्याला फोन लावला नाही. त्याच्या नव्या घरात मी मधेच कुठे घुसायचं.

आठवड्याने वहिनींना फोन केला, पत्ता मागितला. त्या चकित झाल्या. म्हणाल्या, “अगं, मी कागदावर लिहून दिला होता ईराकडे. पाकिटात घाल म्हणून बजावलं होतं.” आणि त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

मी ईराला हसत हसत समजावलं. मावशीने घराचा पत्ता मागितला होता, तू खेळातला दिलास, होतं असं, दोन्ही शब्द सारखेच ना.

पलीकडून तिने शब्द एकेक करून ठेवायला सुरुवात केली.

“मावशी, मला माहीत होतं. बाहेर गेलेला माणूस एक पत्ता देतो ना. तू अजून आत आहेस.”