गांगुर्डे मॅडमची सकाळची प्रत

गांगुर्डे मॅडम संगणकाला काम सांगण्याआधी ते स्वतः हाताने करून बघत. शंभर फाइलींत एखादी ओळ बदलायची असली, की त्या आधी एक फाइल छापत, लाल पेनने कागदावर दुरुस्त करत, तो कागद समोर टेकवून ठेवत आणि मगच स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायला बसत. "आधी एकीवर, मग सगळ्यांवर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटे.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये आम्ही दोघं कागदपत्रांच्या खोलीत होतो. नाशिकहून एकाच एसटीने यायचो. प्रत्येक बागेची एक साधी टेक्स्ट फाइल असे: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, कोणती फवारणी कधी झाली. निर्यातीचे कागद त्यावरूनच निघत. निम्म्या बागा त्यांच्या संगणकावर, निम्म्या माझ्या. मॅडम बोलायला कमी आणि कौतुकाला त्याहून कमी. माझी स्क्रिप्ट फारच आवडली तर म्हणत, "चालेल असं दिसतंय."

एकदा खरेदीदाराने सगळ्या फाइलींत पॅकहाउसचा पत्ता बदलून मागितला. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी एका ओळीची स्क्रिप्ट लिहिली आणि दिली ठोकून. चूक एवढीच, की ज्या फाइलमधून वाचायचं तिच्यावरच लिहायला सांगितलं. असं सांगितलं की संगणक वाचण्याआधीच ती फाइल कोरी करतो. क्षणात माझ्या सगळ्या बागा कोऱ्या.

बाकावर बाबूराव बागाईतदार बसले होते. "काय साहेब, झाले का कागद? माल भरलाय, गाडी उभी हाय. आज नाय गेला तर बोट चुकंल, मग कोण घेतंय?"

मी स्क्रीन त्यांच्या नजरेआड वळवली.

मॅडम डबा धुऊन आल्या. मी झालं ते सांगितलं. "आता कशाला हात लावू नकोस," एवढंच म्हणाल्या. माझ्या फाइलींची सकाळची प्रत त्यांच्या संगणकावर होती. ती त्यांनी परत आणली, सकाळपासूनच्या चार नोंदी वहीतून माझ्याकडून पुन्हा टाइप करून घेतल्या. मग एक फाइल छापून लाल पेन माझ्या हातात दिलं. बाबूराव दारात येरझाऱ्या घालत होते, तरी बाई हलल्या नाहीत. "आधी एकीवर." गाडी पाचला सुटली. मालकांच्या कानावर त्यांनी काही घातलं नाही, मलाही पुढे कधी ऐकवलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा संगणक माझ्याकडे आला. त्यात माझ्या नावाचं फोल्डर सापडलं, रोज सकाळी घेतलेल्या माझ्या फाइलींच्या प्रतींचं. पहिली प्रत मी कामाला लागलो त्याच दिवसाची. म्हणजे मी चुकणार हे बाईंनी माझं तोंड बघूनच धरलं होतं! मला लागलं ते. मी फोन केला.

"मॅडम, एवढाही भरवसा नव्हता का माझ्यावर?"

"त्याच्या वरचं फोल्डर बघितलंस का?"

बघितलं. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. माझ्या फोल्डरहून कितीतरी वर्षं जुनं, आणि निरोप घेतला त्या दिवसापर्यंत कामाची एकही सकाळ न चुकता भरलेलं.