एकोणीस पोच्यांची शाळा

तपासनीसांचा कोणावरही विश्वास नव्हता आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. माणूस चोवीस वर्षं ज्या कामाचा पगार घेतो ते काम त्याच्या अंगात भिनतं. कापडगिरणीत त्यांचं काम एकच. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकत जाणारं कापड आणि हातात खडू. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की फुली मारायची. चांगल्या कापडाचं कौतुक करायला त्यांना कोणी ठेवलेलंच नव्हतं. त्यामुळे नवी छत्री असो की घरी आलेला पाहुणा, आतून शिवण कशी आहे हे उलटून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गल्लीत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळ्यांसाठी ते तपासनीस.

"अहो, लग्नाच्या आधी तुम्ही मलासुद्धा उजेडात धरून बघितलं असणार," बायको म्हणायची.

"मग? फुली मारली का?" ते म्हणायचे. बायकोबाबतचं त्यांचं एवढंच कौतुक, पण ते मनापासून होतं.

मग गिरणीने कॅमेऱ्याचं यंत्र आणलं. ते न थकता, न शिंकता, चहाला न उठता कापड बघायचं. सेहेचाळिसाव्या वर्षी तपासनीस घरी बसले. घर बायकोच्या पगारावर आलं. ती दवाखान्यातल्या चादरी धुण्याच्या खात्यात होती आणि संध्याकाळी तिचे हात भिजवलेल्या कागदासारखे सुरकुतलेले असायचे. ते बघून तपासनीसांना लाज वाटायची.

अशात बायकोचा धाकटा भाऊ आला. तो मालवाहतूक कंपनीच्या गोदामात मुकादम होता. "दाजी, आमच्याकडे ड्रायव्हर मिळत नाहीत," तो म्हणाला. "अडीच महिन्यांत मोठ्या गाडीचा परवाना आणा. तोवर जागा धरून ठेवतो. त्यापुढे साहेब माझं ऐकायचे नाहीत."

गिरणीने निरोप देताना हातावर ठेवलेल्या रकमेत ट्रक शिकवणाऱ्या एकाच शाळेची फी बसत होती. म्हणजे शाळा एकदाच निवडायची, आणि चुकली तर जागाही गेली आणि रक्कमही. तपासनीसांनी एक वही घेतली, कान टवकारले आणि कामाला लागले.

पहिली शाळा बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. गार हवा, मऊ खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या ड्रायव्हरांचे फोटो. टेबलामागच्या तरुणाने टाय लावला होता आणि तो तपासनीसांना दर वाक्याला 'सर' म्हणत होता. एवढ्यानेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. गिरणीत ज्या व्यापाऱ्याचं सूत कुजकं असायचं तो सगळ्यात गोड बोलायचा.

"आमच्याकडे शंभर टक्के पास, सर."

"ट्रक बघू का?"

"ट्रक आत्ता रस्त्यावर आहे, सर. शिकवणी चालू आहे."

चार दिवसांनी गेले, ट्रक रस्त्यावर. आणखी तीन दिवसांनी गेले, पुन्हा रस्त्यावर. तेव्हा तपासनीस जिना उतरले आणि इमारतीला वळसा घालून मागच्या मोकळ्या जागेत गेले. ट्रक तिथेच होता. निळा, नवाकोरा, अंगावर ओरखडा नाही. बॉनेटला हात लावला, गार. मागच्या दोन चाकांच्या मधून गवत चांगलं गुडघाभर वर आलं होतं आणि त्याला पिवळी फुलंही आली होती. तपासनीसांनी वहीत लिहिलं, 'गाडी उत्तम. चालत नाही.' शाळेच्या नावावर फुली मारली.

दुसरी शाळा शेजाऱ्याने सुचवली. शेजारी फुकट कोणाचं भलं करणाऱ्यातला नव्हता, म्हणून तपासनीस आधी त्याच्याकडेच संशयाने बघत राहिले. "माणसामागे तुम्हाला काय मिळतं?" त्यांनी सरळ विचारलं. शेजारी दोन दिवस बोलला नाही. म्हणजे मिळत होतं.

तरी ते गेले. इथे ट्रक चालत होता. मैदानाच्या कडेने एक पिवळा दगड, एक खांब आणि एक निळा डबा. शिकणारा दगडाजवळ आला की चाक दोन वेळा फिरवायचा, खांबाशी एकदा, डब्याशी ब्रेक. शिकवणारा खाली खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. मान वर करायची त्याला गरजच नव्हती.

"आणि दगड हलवला तर?" तपासनीसांनी एका शिकाऊ माणसाला विचारलं.

"दगड कशाला कोण हलवेल?" तो चकित होऊन म्हणाला. "परीक्षा याच मैदानात असते."

हातच्या कंकणाला आरसा कशाला? तपासनीसांनी वही काढली. फुली मारणार तेवढ्यात फी घेणारा कारकून म्हणाला, "आणि डोळ्यांच्या तपासणीची काळजी करू नका, काका. डॉक्टरांच्या सह्या केलेले कोरे कागद आमच्याकडे असतात. तुमचं नाव घातलं की झालं."

तपासनीसांचा खडू, म्हणजे पेन, जागच्या जागी थांबलं.

त्यांना हायसं वाटलं. अगदी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःचीच भीती वाटली, कारण दिव्यावर चोवीस वर्षं रोखलेल्या त्यांच्या डाव्या डोळ्याला दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं. धुकं धरल्यासारखं व्हायचं, कडेची माणसं विरघळायची. हे कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही नाही, कारण डॉक्टर खरं सांगेल अशी त्यांना शंका होती. गिरणीतल्या शेवटच्या वर्षात दोन डागाळलेले तागे त्यांच्या हाताखालून तसेच पुढे गेले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ते परत ओढले आणि गुपचूप फुल्या मारल्या. त्या दिवशी तिने त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं त्यांना आजवर डाचत होतं. साऱ्या जगाच्या शिवणी उसवून बघणारा हा माणूस स्वतःवर कोणी दिवा धरू नये म्हणून जपत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"सोमवारी सांगतो," ते कारकुनाला म्हणाले. फुली मारलीच नाही.

घरी बायकोने विचारलं, "कशी आहे शाळा?"

"बरी आहे."

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. चोवीस वर्षांत त्यांच्या तोंडून कशाला 'बरी' ऐकलं नव्हतं तिने. "बरी म्हणजे? खोट काय आहे?"

"प्रत्येक ठिकाणी खोट असते का?" तपासनीस एकदम खेकसले. बायको पुन्हा वाढू लागली, पण तिने ते मनात टिपून ठेवलं.

सोमवारच्या आधी रविवार होता. तिसऱ्या शाळेचं नाव मेहुण्याने सहज घेतलं होतं, तेही वैतागून. त्याच्या गोदामातल्या दोन ड्रायव्हरांना तिथल्या बाईने शाळेच्या परीक्षेत तीन-तीनदा नापास केलं होतं आणि ते अजून तिला शिव्या देत होते. तपासनीसांना वाटलं, नापास करून करून फी उकळत असेल. बघून तर येऊ. खरं म्हणजे त्यांना तिथे एखादी मोठी खोट हवी होती. ती सापडली की सोमवारी कारकुनाकडे जायला मन मोकळं.

शाळा गोदामांच्याही पलीकडे, शेवटच्या बसथांब्यावर. पत्र्याची एक खोली आणि मोठं खडबडीत मैदान. मधे ट्रक उभा होता आणि त्याच्याकडे बघून तपासनीसांना हर्षच झाला. काय ती दशा! दाराला पोचा, बंपरला पोचा, मागची फळी एका बाजूने आत गेलेली. त्यांनी फेरी मारून मोजले. एकोणीस पोचे. जिला स्वतःची गाडी सांभाळता येत नाही ती दुसऱ्याला काय शिकवणार? पेन काढून ते थांब्याकडे वळले. पण परतीची बस तासाभराने होती, म्हणून भिंतीच्या सावलीत बसून राहिले.

पत्र्याच्या खोलीतून बाई आल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, पायात पुरुषी बूट. त्यांच्या मागून एक शिकाऊ गडी. तो ट्रकमध्ये चढला, मागे घेऊ लागला आणि त्याने मागचं पिंप धाडकन उडवलं. आता बाई ओरडतील म्हणून तपासनीस सरसावून बसले. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी गड्याला खाली उतरवलं, हाताला धरून मागे नेलं.

"काय पाडलंस?"

"पिंप."

"पिंप नाही. माणूस पाडलास. उचल."

गड्याने पिंप उचलून जागेवर ठेवलं. त्यात वाळू होती, त्याला घाम फुटला. "आता पुन्हा," बाई म्हणाल्या. चार वेळा त्यांनी त्याला मागे घ्यायला लावलं. दर वेळी पिंपाची जागा बदलली. ट्रकवरही वाळूची पोती लादलेली होती, कारण रिकामा ट्रक कुणीही थांबवतो. तिसऱ्या वेळी फळीला विसावा पोचा पडला आणि बाईंनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

तपासनीसांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पोचे शिकणाऱ्यांचे होते. इथे शिकणाऱ्याच्या हातात खरंच गाडी देत होते. निळ्या ट्रकवर ओरखडा नव्हता म्हणून त्यांनी वहीत 'गाडी उत्तम' असं लिहिलं होतं! आयुष्यभराची तपासणी आणि इथे चांगला तागा फुलीने बाद करायला निघाले होते. बस आली आणि गेली. ते उठले नाहीत.

"बराच वेळ बसलात," बाई समोर येऊन म्हणाल्या. "सरकारी माणूस की उधारी मागायला आलात?"

"शिकायला."

"शिकायला आलेला माणूस ट्रकभोवती फिरून पोचे मोजत नाही," बाई म्हणाल्या. संशयात त्याही काही कमी नव्हत्या. "पुन्हा परीक्षा द्यायची झाली तर फी घेता का, हेही विचारणार असाल. नाही घेत. आत या, अर्ज भरा."

अर्ज भरून तपासनीस बाहेर आले तेव्हा बाई मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या. लांब ट्रकला एक काळी पाटी अडकवलेली होती. "उजवा डोळा झाका," त्या म्हणाल्या. "पाटीवरचा आकडा वाचा."

तपासनीसांनी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि ट्रक विरघळला. पाटी म्हणजे नुसता काळा ठिपका. पण आकडा त्यांना ठाऊक होता. पोचे मोजताना सवयीने वाचून ठेवला होता. सात, शून्य, चार, नऊ. नुसतं म्हणायचं होतं. मेहुण्याने धरून ठेवलेली जागा, बायकोचे हात, सगळं चार आकड्यांवर आलं होतं.

"सात," ते म्हणाले. "शून्य."

आणि पुढे जीभ वळेना. पिंप उचलणाऱ्या गड्याचा घामेजलेला चेहरा त्यांना आठवला. डाव्या बाजूला पिंप नसतं, कोणी चालत असतं तर?

"बाई, मला दिसत नाहीये," ते म्हणाले. "पाठ आहे."

"पाठ असूनही चुकलंच असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही अर्ज भरत होतात तेव्हा मी आकडा बदलला. येताना वाचून ठेवणारे खूप असतात. बहुतेक जण चारही आकडे ठोकून मोकळे होतात." मग त्यांनी अर्ज घडी करून परत दिला. "मी तुम्हाला घेणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बरा होण्यासारखा असेल तर बरा करा आणि खरा कागद घेऊन या. नसेल तर येऊ नका."

"अडीच महिन्यांतले तीन आठवडे गेलेत. माझी जागा जाईल, बाई."

"जाऊ द्या," बाई म्हणाल्या, आणि ते दुष्टपणे म्हटलेलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दुसऱ्या शाळेच्या कारकुनाचा फोन आला. "काका, उद्या येताय ना? कागद तयार ठेवू?" तपासनीसांनी फोन ठेवला आणि वहीत त्या शाळेवर फुली मारली. मग मेहुण्याला लावला. जागा दुसऱ्याला दे, म्हणून सांगितलं. मेहुणा कारण विचारत राहिला, त्यांनी घरी ये एवढंच म्हटलं.

दवाखान्याला रविवार नसतो; संध्याकाळी बायको कामावरून आली. "सापडली का शाळा?"

"सापडली."

"आणि खोट?"

"आहे. पण शाळेत नाही." मग त्यांनी सांगितलं. डोळा, दोन वर्षं, ते दोन तागे, कोरे कागद, पाटी. सगळं.

बायको उठली, त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. "किती बोटं?"

"नाही दिसत."

"दोन वर्षं!" तिचा आवाज फाटला. "दोन वर्षं तुम्ही मला हे कळू दिलं नाहीत? आणि रोज रस्ता ओलांडत होतात?" ती रडायला लागली आणि रडता रडता चिडली. "उद्या सकाळी डॉक्टर. मी रजा टाकते, मी येणार बरोबर. तो काय म्हणतो ते मी माझ्या कानाने ऐकणार. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

तपासनीसांनी मान हलवली. कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटेल असं त्यांना कोणी काही बोललं नव्हतं.