आप्पांचे शांत पाय

“दुखस का?”

आप्पांनी कुणाला ‘कसे आहात’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. तुम्ही समोर आलात की ते तुमचा हात धरायचे, तळवा उताणा करायचे, शर्टाच्या खिशातून जिम्मी काढायचे आणि अंगठ्याच्या बुडाशी तिचं टोक रुतवायचे. मग हा प्रश्न. लाकडाचं टोक रुतवल्यावर कुणाला दुखणार नाही? पण तुम्ही “आई गं” म्हणालात की त्यांचा चेहरा उजळायचा. “मंग! पोट साफ होत नही तुन्हं.”

जिम्मी तुम्हीही पाहिली असेल. जत्रेत, एसटी स्टँडबाहेर, शिबिरांच्या दारात मिळते. मुठीत मावणारा लाकडी दांडका, अंगभर बोथट काटे, दोन्ही टोकं निमुळती. मुठीत फिरवायची, टोकानं तळहात-तळपायावरचे बिंदू दाबायचे. घरच्या घरी, औषधाशिवाय. विरंगुळा म्हणून कुणी फिरवत बसलं तर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण कशाशी आहे ते सांगते.

आप्पा आमच्या समोरच्या घरात राहायचे. मूळचे ब्राह्मणपुरीचे, लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म खांबावर गेला होता. गल्लीत कुणाचा पंखा बंद पडला तरी पहिली हाक त्यांनाच. निवृत्तीनंतर त्यांना शुगर निघाली, दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या मिळत होत्या, पण ‘चप्पल काढा, तळपाय दाखवा’ असं त्यांना कुणी म्हटलं नाही. कोण म्हणणार? रांग दाराबाहेर आणि आत तपासायला एक माणूस.

मग मंगल कार्यालयात शिबिर भरलं. व्यासपीठावर पुढारी, हार, नारळ आणि पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ. तो डॉक्टर नव्हता, पण ‘मी डॉक्टर नाही’ असंही त्यानं सांगितलं नाही. तळपायाचं भलंमोठं रंगीत चित्र टांगून त्यानं दाखवलं, इथे काळीज, इथे मूत्रपिंड, इथे साखरेची ग्रंथी. नियम एका ओळीचा होता: दाबल्यावर जिथे दुखेल, तिथला अवयव आजारी. रोज दाबा. दुखायचं थांबलं की आजार गेला. टाळ्या पडल्या. बाहेर पडताना ज्याच्या त्याच्या मुठीत जिम्मी.

आप्पांना हे लगेच पटलं, कारण ते त्यांच्या कामातलं होतं. “तळपाय म्हंजे डीपी शे, पोरी,” ते मला समजावत. “बठ्ठा शरीरना फ्यूज तठे.” म्हणजे सगळ्या शरीराचे फ्यूज तिथे.

गल्लीत त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. भाजीवाली कोथिंबीर निवडायला बसली की हे तिच्या गुडघ्याचा फ्यूज शोधायला लागत. ती ओरडायची, “आप्पा, हात सोडा, गिऱ्हाईक चालनं!” जिजींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, तर रोजचा वाद. “माले दुखाडतस आनि मालेच इचारतस, दुखस का!” एकदा मोर्चाहून घोषणा देऊन आले तेव्हा माझा घसा पार बसलेला. आप्पांनी अंगठ्याच्या पेरावर टोक असं दाबलं की मी किंचाळले. “दख, आवाज उना!” म्हणाले. ओट्यावरची सगळी माणसं हसली. मीही हसले. माणूस गोड होता, हे मला लिहून ठेवायचंय, कारण पुढे मी गोड काही लिहिणार नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकायचे, एक पाय गुडघ्यावर घ्यायचे आणि तळव्यावर जिम्मी चालवायचे. सुरुवातीला करंगळीखालचा एक बिंदू दाबला की ओठ आवळायचे. हळूहळू ते आवळणं थांबलं. मग दुसऱ्या बिंदूवरचं. मग टाचेवरचं. प्रत्येक वेळी ते आतल्या जिजींना ओरडून सांगत, “आखो एक पॉइंट क्लिअर!” आणि एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर फिरले. “एक बी पॉइंट दुखत नही. साखर गयी!” साखर गेल्याचा पेढा त्यांनी स्वतःही आमच्याच दारात उभं राहून खाल्ला. गोळ्या त्याच दिवशी बंद.

मी आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या गटाचं पत्रक घेऊन गेले. मधुमेहाचंच होतं, मीच लिहिलेलं. पाय बधिर होणं म्हणजे बरं होणं नव्हे, ही धोक्याची खूण आहे, असं त्यात ठळक अक्षरात होतं. आप्पांनी चष्मा लावून ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, “बधिर नही पोरी. शांत व्हयी गयात.”

मी भांडले. मला भांडता येतं. म्हटलं, “आप्पा, तारेला हात लावला आणि शॉक बसला नाही, तर तार दुरुस्त झाली असं म्हणाल का? ती मेलेली असते!”

मला वाटलं, जिंकले. आप्पांनी जिम्मी मांडीवर ठेवली.

“तू कधी खांबावर चढनी का?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. “चालू लाईन मन्हा सोबतीले लयी गयी. मन्हासमोर. मेलेली लाईन म्हंजे जित्ता माणूस, पोरी. हात लावा आनि काहीच नही लागनं, त्यानासारखं सुख दुनियामां नही.”

जन्मभर ज्या माणसाचा जीव ‘काही जाणवलं नाही’ यावर वाचला, त्याला कोट घातलेल्या एका भामट्यानं तोच नियम स्वतःच्या पायाला लावायला शिकवला होता.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी जिजींनी फरशी पुसली आणि मागे वळून पाहिलं तर लाल ठिपके. त्यांना वाटलं, देवघरातलं कुंकू सांडलं. पुन्हा पुसलं, पुन्हा ठिपके. ठिपके ओट्यापासून निघून आप्पांच्या खाटेपर्यंत गेले होते. त्यांनी आप्पांचा पाय धरून उलटा केला आणि ओरडल्या. मी धावत गेले. जिम्मीच्या टोकानं तळव्याला भोक पाडलं होतं, कडेनं काळपट झालेलं. बिंदू खरंच दुखत नाही ना, याची खात्री करायला तो माणूस रोज थोडा जास्त जोर लावत होता.

आप्पा आपल्याच तळव्याकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. “हाई कधी व्हयनं?”

आधी हळद भरली. मग गल्लीतल्या कुणाची तरी मलमपट्टी. मग वास यायला लागला, तेव्हा धुळ्याला नेलं. पाय गुडघ्याखाली कापला. आप्पा घरी आले, पण विष वर चढतच गेलं आणि दिवाळीच्या आत ते गेले.

गंधमुक्तीला, म्हणजे दिवसांच्या कार्याला, तोच पुढारी माईकवर बोलला. म्हणाला, आप्पांनी गोळीला हात लावला नाही, केवढी ही श्रद्धा. मी उठले तशी शेजारच्या बाईनं माझा पदर ओढला. “बस ना वं, आज नको.” मग कधी? त्याच कार्यालयावर पुढच्या शिबिराचा फलक लागला, तेव्हा मी दारात पत्रकं घेऊन उभी राहिले. लोकांनी ती घेतली. आत खुर्च्या कमी पडल्या तेव्हा तीच पत्रकं जमिनीवर अंथरून वर बसले.

पण मला आप्पा दिसतात ते धुळ्याहून परत आल्यावरचे. जिजींनी जिम्मी केव्हाच बंबात घातली होती. मी गेले तर आप्पा घामाघूम, चादर मुठीत आवळलेली.

“पोरी, आंगठा दुखी ऱ्हायना. टाच बी. बठ्ठं दुखी ऱ्हायनं.”

“कुठला पाय, आप्पा?”

“जो कापेल शे, तो.”

तुटलेल्या नसांमुळे असं होतं, हे डॉक्टरांनी जिजींना सांगितलं होतं. मी तेच सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ते घाबरलेले होते. माझा हात धरून ते तो गुडघ्याच्या पलीकडे ओढत होते, जिथे चादर सपाट होती.

“दाब ना, पोरी.”

जिजींनी तोंड फिरवलं. मी अंगठा गादीत रुतवला. “इथे?”

“नही,” ते डोळे मिटून म्हणाले, “जरासं खाले.”

मी हात आणखी खाली नेला.