नाका गेला, दाजी राहिले

तज्ज्ञ घरात असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. त्याने सल्ला द्यायचा, बाकीचं लोक करतात! मी सुरतेत आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. त्यामुळे माझा साठा मोठा. (निदान एवढं तरी बरोबर असावं.)

*

बायकोचा भाऊ भिला याची खानदेश-गुजरात सीमेवर, जकातीसारख्या कर-नाक्याला लागून खानावळ होती. कापडाच्या ट्रकांचे कागद तपासायला तास-तास लागायचे, ड्रायव्हर तोवर जेवायचे. जीएसटी आला, नाका उठणार असं ठरलं.

"दाजी, मग गाड्या थांबतील कशाला?"

मी वहीवर आलेख काढला. "अरे, अख्खा देश एक बाजार होतोय! अडथळा गेला की व्यापार वाढतो, गाड्या वाढतात, गिऱ्हाईक वाढतं."

त्याने दहा टेबलं वाढवली.

*

सहा महिन्यांनी त्याचा फोन. "दाजी, तुमचं खरं ठरलं! गाड्या दुप्पट झाल्या!"

मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"ऐका, आत्ताच चार गेल्या."

फोनमधून हॉर्न ऐकू आले. लांब जाताना.

*

मी तिकडे जाऊन आलो. चहावाला रिकामा, पानवाला रिकामा, कागद भरून देणारा एजंट माशा मारतोय.

"आमच्या गावाचा धंदा एकच होता," भिला म्हणाला, "दुसऱ्याला उशीर होणं."

फक्त पंक्चरवाल्याचं बरं चाललं होतं. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "आईशप्पथ, खिळे मी टाकत नाही!"

*

मग एका कॉलेजात माझं व्याख्यान झालं. 'एक बाजारपेठ आणि सीमाभाग'. सीमाभागातल्या नुकसानीला मी 'तात्पुरतं समायोजन' म्हटलं. टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेतून भिला उठला. "दाजी, तात्पुरतं म्हणजे किती दिवस? तेवढ्या अंदाजाने भाजी आणतो."

*

शेवटी भिलाने खानावळ बंद केली आणि सुरतेच्या पांडेसऱ्यात एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या गेटसमोर नवी काढली. गेटवर टेम्पोंची लांब रांग. ड्रायव्हर कंटाळले की जेवतात. चांगला जम बसला.

परवा त्याने मला मुद्दाम बोलावलं. चेहरा गंभीर.

"दाजी, मिलवाले गेटवरची रांग बंद करणार. सगळं मोबाइलवर, टेम्पो थेट आत. माझं काय होईल?"

या वेळी आलेख नाही, काही नाही. खूप विचार केला आणि खरं तेच सांगितलं.

"भिला, तुझा धंदा बसणार."

भिलाचा चेहरा खुलला. आत वळून तो बायकोला ओरडला,

"अगं, आणखी दहा टेबलं मागव!"