वैजयंतीचं मत

रूपालीचा फोन आला तेव्हा आम्ही काजूच्या शेडमध्ये गराची साल काढत बसलो होतो. रूपाली म्हणजे वैजयंतीची मुलगी, लांज्याला दिलेली. फोन कानाला लावला तर ती नुसतं "मावशी" म्हणाली आणि थांबली. मला कळलं. तसं महिनाभर कळलेलंच होतं. हातातला गर मी पूर्ण सोलला, अख्ख्याच्या डब्यात टाकला आणि मग उठले. कोणीतरी मोबाईलवर लावलेलं गाणं बंद केलं. मुंबईच्या पोरांचं ते भराभर बोलायचं गाणं होतं. वैजयंती असती तर म्हणाली असती, चालू दे गो, त्याचं बोलणं पुरं होऊ दे.

तिला जाऊन आता दीड महिना झाला. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. दुपारचं जेवण झालं की थोडा वेळ मिळतो, पूर्वी तो वेळ तिच्या बोलण्यात जायचा. आता वही घेऊन बसते. दोन ओळी लिहिल्या की थकायला होतं, मग ठेवून देते.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची शेड लागते. तिथं आम्ही दोघी पंधरा-सोळा वर्षं शेजारी बसलो. दोघींचं गाव एक, वाडीही एक. तिचा नवरा लवकर गेला. माझे मुंबईला कामाला असायचे, सणाला यायचे. काजूचं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते, म्हणून खाली मान घालून, जपून काम करावं लागतं. वैजयंतीची मान खाली असायची, हात चालू असायचे, आणि तोंडही. तिला सगळ्याबद्दल मत होतं. सिनेमा, निवडणूक, गाणी, कोणाच्या सुनेनं केस कापले ते... काही सुटायचं नाही. एक मत देऊन झालं की कोपरानं मला ढोसायची. "काय गो मंगल, तुला काय वाटतं?" मी म्हणायचे, "तू म्हणशील तसं." बायका हसायच्या. इतकी वर्षं हे असंच चाललं.

निवडणुकीबद्दल ती म्हणायची, पूर्वी निशाणी बघून मत द्यायचं आणि निवांत घरी यायचं. आता निशाणी एकाकडे, झेंडा दुसऱ्याकडे आणि माणूस तिसऱ्याकडे. आपण बटण दाबून घरी पोचेपर्यंत तो कुठल्या पक्षात असेल ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं. एकदा मतं मागायला एक उमेदवार शेडमध्ये आला, मागे दहा-बारा माणसं. हात जोडून आमच्या रांगेतून चालला होता. वैजयंतीनं त्याच्यासमोर भाजलेला एक काजू धरला आणि म्हणाली, "साहेब, एवढा सोलून दाखवा. मोडायचा नाही." माणसं हसली, तोही हसला, आणि सोलायला गेला तर काजूचे तीन तुकडे झाले. तिनं शांतपणे बोट दाखवलं, "तुकड्याचा डबा तिकडं हाय." मला जमिनीत जावंसं वाटलं. ती मात्र पुढचा गर उचलून कामाला लागली होती. तो निवडून आला. पुढं त्याचा फोटो कुठं दिसला की ती म्हणायची, निवडून आलाय, सोलायला अजून शिकायचाय.

सिनेमे ती मोबाईलवर बघायची. दक्षिणेकडचे मारामारीचे सिनेमे हिंदीत करून येतात ते तिला आवडायचे, पण तक्रारी होत्याच. हा एकटा शंभर जणांना लोळवतो, आणि घरात आई आजारी पडते तेव्हा नेमका गावात नसतो, म्हणायची. आपल्याकडचे ऐतिहासिक सिनेमे बघून म्हणाली, सगळे नुसते ओरडतात, बसून कोण जेवताना दिसत नाही. जेवल्याशिवाय लढाई कशी करतात? सगळ्यात जास्त राग तिला भुताच्या सिनेमांचा. कोकण दाखवायचं म्हटलं की ह्यांना भूतच दाखवायचं असतं. "भुतं कुठली गो आमच्याकडं," ती म्हणायची, "माणसंच उरली नाहीत. दहा घरांतली सहा बंद. भुतांना तरी घाबरवायला कोणी मिळायला नको?" आम्ही दोघी एकदाच रत्नागिरीला थेटरात सिनेमा बघायला गेलो. ती तिथंही घरच्यासारखी बोलत होती. मागच्या माणसानं गप्प बसायला सांगितलं तर वळून म्हणाली, तिकीट मी पण काढलंय. मी पदर तोंडावर घेऊन बसले होते, सिनेमा अर्धाच बघितला.

आणि ती गाणी. पॅकिंगला असलेल्या एका मुलीनं पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं बाहेर कोणी भांडतंय. सुरावट नाही, दम घेणं नाही, नुसतं बोलणं. रॅप म्हणतात त्याला, मुलीनं सांगितलं. सगळ्या बायका बंद कर म्हणाल्या. वैजयंती मात्र कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगो, हा तर शक्तीतुरा हाय. माझ्या बापानं जन्मभर दुसरं काय केलं?" तिचे वडील शाहीर होते. गणपतीत दोन बाऱ्या, म्हणजे गाणाऱ्यांचे दोन संच, समोरासमोर उभ्या राहायच्या, एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जबाब द्यायचा. वडिलांबरोबर ती लहानपणी गावोगाव हिंडलेली. त्या दिवसापासून शेडमध्ये ती गाणी सुरू झाली. पण तिथंही मत आलंच. ह्या पोरांचं चुकतं कुठं, तर समोर दुसरी बारी नसते. आपणच विचारतो, आपणच जिंकतो. आणि आपल्या गाडीबद्दल, गळ्यातल्या साखळीबद्दल किती बोलायचं? एका पोरानं मात्र त्याच्या आईच्या हातांबद्दल म्हटलं होतं, लोकांची भांडी घासून पांढरे पडलेले. ते गाणं तिनं तीनदा लावायला लावलं. त्या गाण्याबद्दल ती काहीच बोलली नाही. आपल्या हातांकडं बघत राहिली.

संक्रांत झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गाठ आहे म्हणाले. मुंबईला जाऊन ऑपरेशन करा, वेळ लावू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी बरोबर होते, मी ऐकलं. परत येताना आम्ही स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. वैजयंती कधी नव्हे ती गप्प होती. मग म्हणाली, शिमगा दीड महिन्यावर आहे. देवीची पालखी दारात येईल. मुंबईला गेले तर तेवढ्यात परत येणं होणार नाही. नवऱ्याच्या माघारी इतकी वर्षं तिनं पालखीची ओटी कधी चुकवली नव्हती. रूपाली दुसऱ्या घरची झालेली. दार बंद बघून पालखी तशीच पुढं गेली तर... ते तिला सहन होत नव्हतं. बंद घरांबद्दल इतकं बोलणारी बाई, तिच्या घराचं कुलूप पालखीनं बघायचं. "तुला काय वाटतं गो?" तिनं विचारलं. मी काही बोलले नाही. तिनं परत विचारलं. आमची एसटी लागली, आम्ही आत जाऊन बसलो, आणि तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "मंगल, जाऊ की थांबू?"

माझ्या मनात होतं. अगदी स्पष्ट होतं. तू जा, तुझं दार मी उघडते, पालखीची ओटी तुझ्या नावानं मी भरते. एवढंच बोलायचं होतं. वाडीत असं करतात, कोणी नावं ठेवली नसती. पण इतक्या वर्षांत मी कोणाला असं कर, तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं. उद्या ऑपरेशनमध्ये काही झालं तर मी पाठवली असं होईल, ही भीतीही होतीच. मी म्हटलं, "देवीला कौल लावूया काय?" तिनं मान फिरवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लावूया."

सोमवारी देवळात गेलो. गुरवानं देवीला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. बाई आजारी आहे, मुंबईला जायचंय, शिमग्याआधी जावं असेल तर उजवा दे, मागाहून असेल तर डावा दे. आम्ही हात जोडून बसलो. बराच वेळ काही पडेना. मग डावीकडची कळी पडली. आणि मला हलकं वाटलं, हे इथं लिहायलाच पाहिजे. माझ्यावरचं ओझं गेलं म्हणून हलकं वाटलं. गुरवाचं काही चुकलं नाही, विचारलं तेवढं त्यानं देवीपुढं ठेवलं. ते देवीला विचारायचं नव्हतंच, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पायऱ्या उतरताना वैजयंती हसून म्हणाली, "देवीनं पण मत दिलं. तूच काय ती देत नाहीस."

शिमग्याला पालखी आली. ती भिंतीला धरून उभी राहिली, ओटी भरली, पालखीखालून गेली. होळी झाल्यावर रूपाली आणि जावई तिला मुंबईला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. त्यांनी परत पाठवली. मग ती रूपालीकडंच राहिली, आणि मे महिन्यात तिथंच वारली.

परवा रूपाली आईचं घर आवरायला आली. मी मदतीला गेले. भांडी पोत्यात भरून झाली तशी तिनं चहा केला आणि चुलीजवळ बसून विचारलं, "मावशी, आईला जानेवारीतच नेली असती तर वाचली असती काय गो?" नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "वाचली असती असं मला वाटतं. मला तेव्हाच वाटत होतं जावं म्हणून. तिनं तीनदा विचारलं. मी बोलले नाही."

तिनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला तिनं एकदाही विचारलं नाही. आजार पण शिमग्याला आले तेव्हा कळला. शेवटी आईच म्हणाली, तुला विचारलं असतं तर तू गाडीत घालून नेली असतीस. मंगलला विचारलं, ती काही बोलणार नाही हे माहीत होतं म्हणून. मला ऑपरेशनची भीती वाटत होती गो, असं म्हणाली." रूपाली रडली नाही. मीही नाही. ह्यानं माझं ओझं कमी झालं की वाढलं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. तिला भीती वाटते हे इतक्या जवळ बसून मला दिसलं नाही, एवढं मात्र खरं.

चहाचे कप विसळून रूपालीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढायला हात वर केला. मी पहिल्यांदाच ते नीट बघितलं. तारखांच्या चौकोनात वैजयंतीनं पेन्सिलीनं बारीक बारीक लिहून ठेवलं होतं. एका सिनेमाच्या नावाखाली 'बरा'. एकाखाली 'फुकट वेळ'. एके दिवशी 'भाषण ऐकलं, खोटं'. एके दिवशी नुसतं 'गाणं चांगलं, पोरगा दमतो'. मग लिहिणं कमी कमी होत गेलेलं. होळीच्या पुढच्या आठवड्यात एका चौकोनात 'मुंबई', आणि पुढचे सगळे चौकोन कोरे.

"काढू ना मावशी?" रूपालीनं विचारलं.

"नको," मी म्हटलं, "असू दे तिथंच. वर्ष संपायचंय अजून."