समईच्या वातीचा काळा दोरा

पहिल्या अंकातली ती समई अजून डोळ्यांपुढे तेवते आहे… चिंचेनं घासून लख्ख केलेली, पितळेची, आणि तिच्या वातीच्या शेपटाला बांधलेला, प्रेक्षकांना न दिसणारा काळा दोरा. नवलाख उंबरे या आमच्या गावच्या जत्रेतलं नाटक दरवर्षी तेच. दोन प्रेमी जीव, आणि शेवटी दोघांचंही मरण. पहिल्या भेटीनंतर नायिका वळली की विंगेतून दोरा ओढला जाई, वात तेलात बुडे, जळक्या तेलाचा वास मंडपभर पसरे आणि बाया तोंडाला पदर लावून म्हणत, "आता न्हाई वाचत पोरगी!" माझे वडील, आबा, नाटक बसवायचे. शेवट आधी ठरतो, खूण मागाहून पेरतात, हे त्यांच्याकडून ऐकून मला अकराव्या वर्षीच ठाऊक होतं.

नटी पुण्याहून थेट जत्रेच्याच दिवशी येई, म्हणून तालमीत तिची वाक्यं दुसऱ्या कुणीतरी वाचायची. त्या साली ती शकूआत्यानं, आबांच्या धाकट्या बहिणीनं वाचली; सोबतीला मी असायचे. नायक वराळ्याचा दत्तू. कंपनी सुटली की ग्रीसच्या वासाच्या हातांनी तसाच तालमीला यायचा. "शकूबाई, जरा दमानं. मरायला अजून तीन अंक हायेत," तो म्हणे, आणि आत्या वहीआड हसे. पुढं पुढं तालीम संपली तरी दोघं तळ्याकाठी बोलत राहू लागली, अन् माझा हात सोडून आत्या म्हणू लागली, "तू हो फुडं."

ते 'तू हो फुडं' मला झोंबलं… कारण एवढंच. मी आबांना जाऊन सांगितलं.

आठवड्याच्या आत आत्याचं लग्न सुदुंबऱ्याला ठरलं. दत्तूला बदडून काढलं. तो पुन्हा दिसला नाही. जत्रेत दुसराच नायक उभा राहिला, आणि नेमकी त्या दिवशी समई दोरा ओढण्याआधीच वाऱ्यानं विझली. गावाला तेवढं पुरलं. अजूनही म्हणतात, "दिवा आपसूक इझला व्हता. शकीच्या नशिबातच न्हवतं."

खोटं आहे ते! दिवा विझला तेव्हा मी चुगली करून दहा दिवस उलटले होते. नाटकात खूण पेरता येते, कारण शेवट लिहिणाऱ्याच्या हातात असतो. आमच्या घरात तो आबांच्या हातात होता, आणि दोरा माझ्या. चाळीस वर्षं मी त्या 'नशिबा'च्या आड लपले. आता नाही लपणार. गावाला आवडो, न आवडो.

आबांच्या मागे नाटकाची वही माझ्याकडे आली. यंदा मी समईच्या प्रसंगावर काट मारली – मरणार ते मरू देत, पण कुणी मारलं ते लोकांना दिसू दे – आणि वही घेऊन सुदुंबऱ्याला गेले. आत्या ओसरीवर मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"ठाव व्हतं मला," ती म्हणाली. "तुझ्याबिगर तितं व्हतंच कोन?"

माफ केलं, असं काही ती बोलली नाही. चष्मा लावून तिनं वही ओढून घेतली आणि नायिकेची वाक्यं मोठ्यानं वाचली… दमानं, एकेक करून. मग मी काट मारलेल्या ओळींवर मेथीनं हिरवं झालेलं बोट ठेवलं.

"दिवा ऱ्हाऊ दे. दोरा तेवढा काढ."