मॅनेजरांचा पांढरा सदरा

कर्ज मागणाऱ्याची कागदपत्रं नंतर आणि त्याचा धूर आधी बघणारा बँक मॅनेजर साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. गृहस्थ मूळचे साताऱ्याचे. नव्वद सालानंतर आमच्या आष्ट्यात कर्ज मिळणं सोपं झालं, तेव्हा बदलून आलेले. दुपारचा डबा खाल्ला की बँकेच्या गच्चीवर जायचे आणि शिपायाला दाखवायचे, "ते डिझेल इंजिन आपलं. ती वीटभट्टी आपली. ती फटफटीसुद्धा आपलीच." दुसरा असता तर मिशीला पीळ देत खाली उतरला असता. हे उदास व्हायचे. "आपण पैसा सोडला की गावात आधी धूर येतो," म्हणायचे. "मग तो आपल्या नावावर नको?"

मला दुसरं गुऱ्हाळ टाकायचं होतं. शेजारच्या गावचा ऊस उभा होता. उशीर झाला तर तो साखर कारखान्याला जाणार. व्याज पाव टक्का तोडून घ्यायच्या तयारीनंच मी बसलो होतो. साहेब तपासणीला आले ते पिशवीतून धुतलेला पांढरा सदरा घेऊन. माझ्या चालू गुऱ्हाळाचा धूर जिकडं जात होता, तिकडच्या दोरीवर त्यांनी तो वाळत घातला, "उद्या नेतो" म्हणाले आणि गेले. ओलं चिपाड पेटत नाही म्हणून चुलाणात मी जुने टायर घालायचो, सगळेच घालत. दिवस मावळेपर्यंत सदरा काळवंडला. पण मी काय कच्चा गडी? सकाळीच सांगली गाठली, दुकानदाराशी तासभर घासाघीस केली आणि तसाच नवा आणून टांगला.

साहेबांनी तो हातात घेतला.

"मालक, माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण मंडळींनी निळ्या दोऱ्यानं लावलंय. तो द्या."

"आवं साहेब, नवा हाय, ऱ्हाऊ द्या की."

"नवा तुम्हाला बसेल."

मग तोच काळा सदरा अंगात घालून हा माणूस कर्जाच्या बैठकीला बसला. माझ्या अर्जाची अशी शोभा आजवर कुणी केली नव्हती, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. कर्ज मिळालं, पण ते पहिल्याच गुऱ्हाळाचं चुलाण बदलून उंच चिमणी बांधायला. ऊस गेला कारखान्याला. मी महिनाभर साहेबांना रामराम घातला नाही. नव्या चुलाणात मात्र चिपाड पुरून उरायला लागलं, टायर सुटले, आणि पुढच्या साली त्यांनी आपणहून दुसऱ्या गुऱ्हाळाचे कागद मागवले.

पुढं ते बदलून मिरजेला गेले. नवे साहेब पंख्याखाली बसून दहा मिनिटांत सही करतात, व्याजही तोडून देतात. गच्चीला कुलूप असतं. गावावर धुराची गर्दी झालीय.

तो नवा सदरा मला काही बसला नाही, पोटावर ओढतो. हंगामाचं पहिलं चुलाण पेटलं की मी तो दोरीवर घालतो. संध्याकाळी कॉलर उलटून बघतो. पांढरी असते. दाखवायला कुणी नसतं, म्हणून घडी घालून परत ठेवतो.